गाडीचा टायमिंग बेल्ट : तुटायच्या आधी बदललेला बरा

गळीत हंगाम संपला, चिमणीचा धूर थांबला, की गावाकडे लोकांना वाटते, आता कारखान्याला चार महिने सुट्टी. खरे म्हणजे वर्कशॉपची लगीनघाई त्याच दिवसांत असते. मिलचे रोलर उचलले जातात, बेअरिंगे उघडली जातात, ऊस वाहून नेणाऱ्या कॅरियरच्या साखळीची कडी न् कडी पाहिली जाते. यातले कितीतरी भाग मोडलेले नसतात. चालू हंगामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी काम केलेले असते. तरीही झिजलेले ते काढून टाकतात आणि नवे बसवतात. कारण उघड आहे. भर हंगामात यार्डात ट्रॅक्टर नि बैलगाड्या रांगेने उभ्या असताना एखादा भाग गेला, तर नुकसान त्या भागापुरते राहत नाही. गाळप थांबते, ऊस वाळतो, तोडणी खोळंबते आणि शेवटी ते सभासदाच्याच अंगावर येते.

ही शिस्त आपल्या सभासदांना समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीवरच्या मोटारीलाही आपण उन्हाळ्याच्या तोंडावर बेअरिंग टाकून घेतो. मात्र दारात उभ्या असलेल्या चारचाकीची गोष्ट निघाली की आपला हिशोब बदलतो. "चालतीय नव्हं, मग कशाला हात लावायचा?" असे उत्तर येते. टायर गुळगुळीत झाले तर डोळ्यांना दिसतात, ब्रेक वाजला तर कानाला कळतो; त्यांचे आपण पाहतो. पण इंजिनाच्या एका अंगाला, झाकणाच्या आत, एक रबरी दातेरी पट्टा फिरत असतो. तो दिसत नाही, वाजत नाही, आणि बहुधा सांगून तुटत नाही. या पट्ट्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. आज त्याच्याविषयी चार गोष्टी सविस्तर सांगाव्यात असे आम्ही योजले आहे.

याला निमित्तही घडले. आपल्याच कार्यक्षेत्रातील एका सभासदाने दोन वर्षांपूर्वी जुनी डिझेल गाडी घेतली. गाडी दिसायला झकास, मीटरवर किलोमीटर बेताचेच, एका हाकेला चालू होणारी. घरातील बाळंतिणीला रात्रीच्या वेळी तालुक्याच्या दवाखान्यात नेत असताना चढावर इंजिन एकाएकी बंद पडले. मागून येणाऱ्या जीपवाल्याने गाडी थांबवून बाळंतिणीला पुढे नेले, म्हणून सर्व सुखरूप पार पडले. गाडीचे मात्र हेड उतरावे लागले. आठ व्हॉल्व वाकलेले निघाले. दुरुस्तीचे बिल पाहून त्यांच्या थोरल्या बंधूंनी विचारले, "एका रबराच्या पट्ट्यापायी एवढं?" प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मिळायचे तर पट्टा करतो काय, हे आधी पाहिले पाहिजे.

पट्टा करतो काय?

इंजिनात दोन मुख्य दांडे फिरतात. खालचा क्रँक, त्याच्या जोरावर पिस्टन वरखाली होतात आणि चाकांना ताकद मिळते. वरचा कॅम, तो व्हॉल्व उघडतो आणि मिटू देतो. हवा आत घेणारे व्हॉल्व वेगळे, जळलेला धूर बाहेर सोडणारे वेगळे. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा. दोन्ही एका तालात फिरावेत म्हणून दोघांच्या टोकांना दातेरी चाके असतात. कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दाते असतात, आणि दोन्ही चाकांवरून हा दातेरी पट्टा फिरतो. पट्टा सैल पडू नये म्हणून त्याला एका फिरत्या कप्पीने दाबून धरलेले असते. तिला टेन्शनर म्हणतात. बऱ्याच गाड्यांत याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालतो. काही डिझेल इंजिनांत डिझेलचा पंपसुद्धा यावरच असतो.

आपल्या घरांत पूर्वी एकाच उखळात दोघी जावा आळीपाळीने मुसळ घालीत. एकीचे मुसळ वर, तेव्हा दुसरीचे खाली. ताल होता तोवर काम झपाझप होई. एकीचा हात चुकला तर मुसळावर मुसळ आदळे. पुष्कळशा इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व यांचे नाते असेच आहे. दोघेही एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो. त्या क्षणी जे व्हॉल्व उघडे असतील ते उघडेच राहतात. क्रँक मात्र गाडीच्या वेगाने फिरतच असतो. खालून पिस्टन येतो आणि उघड्या व्हॉल्वच्या माथ्यावर आदळतो. व्हॉल्व वाकतात, त्यांचे गाइड फुटतात, कधी पिस्टनला भोक पडते. डिझेल इंजिनात दाब जास्त असल्याने पिस्टनच्या माथ्यावर मोकळी जागा फार कमी असते. त्यामुळे तेथे हा धोका अधिक.

काही इंजिनांत पिस्टनच्या माथ्यावर खाचा असतात, किंवा मुळातच जागा मोकळी ठेवलेली असते. तेथे पट्टा तुटला तरी आतील भागांना इजा होत नाही. नवा पट्टा चढवला की इंजिन पुन्हा सुरू होते. आपल्या गाडीचे इंजिन कोणत्या जातीचे आहे हे कंपनीच्या माहितीवरून किंवा जाणत्या मिस्त्रीकडून विचारून घ्यावे. तथापि, इंजिन वाचले तरी गाडी रस्त्यातच उभी राहणार, हे विसरू नये.

या पट्ट्याला काम किती पडते याचा अंदाज घेऊ. ताशी ६० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला समजा अडीच हजार फेरे घेते. म्हणजे एका किलोमीटरला अडीच हजार फेरे. एक लाख किलोमीटरला २५ कोटी फेरे झाले. यात प्रत्येक व्हॉल्व साडेबारा कोटी वेळा उघडून मिटतो, आणि दर वेळी त्याच्या स्प्रिंगचा झटका पट्ट्याच्या दातांवर येतो. एवढे काम करणारी वस्तू रबर, काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या आणि दातांवर चढवलेले नायलॉनचे कापड यांची बनलेली असते. तिला आयुष्य असणारच.

साखळी, दाते की पट्टा?

जुन्या मंडळींना वाटेल, आमच्या वेळी ही भानगड नव्हती. ते खरे आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनात हे काम बहुतकरून पोलादी गियर करतात. जुन्या १४८९ सी.सी. इंजिनाच्या ॲम्बॅसेडरमध्ये आणि प्रीमियर पद्मिनीत साखळी असे. रबरी दातेरी पट्टा मोटारीच्या इंजिनात आणण्याचे काम युरोपात प्रथम ठळकपणे झाले. १९६० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत जर्मनीतील ग्लास या कंपनीने आपल्या '१००४' या गाडीत तो बसवला. १९६६ साली इटलीच्या फियाट कंपनीने '१२४ स्पोर्ट' गाडीच्या इंजिनात तो वापरला, आणि पुढे ही रीत सर्वत्र पसरली. पट्टा साखळीपेक्षा हलका, स्वस्त आणि आवाज न करणारा. त्याला तेल लागत नाही. दोष एकच, तो ठरल्या मुदतीत बदलावा लागतो.

आपल्याकडे घरोघर टायमिंग बेल्ट पोहोचला तो मारुती ८०० बरोबर. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी लोकांच्या हाती पडली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. ओम्नी गाडीतही तोच प्रकार होता. टाटांची डिझेल इंडिका, टोयोटाची क्वालिस, आणि २००५ पासून आलेली पहिली डिझेल इनोव्हा या गाड्यांतही पट्टाच आहे. यांतल्या पुष्कळ गाड्या कंपनीने बनवणे थांबवले असले तरी आपल्या रस्त्यांवर आजही धावताना दिसतात. कोणी घरची म्हणून, कोणी वडाप म्हणून, कोणी दुधाच्या कॅनसाठी. उलट मारुतीच्या के मालिकेतील एक लिटर आणि १.२ लिटर पेट्रोल इंजिनांत साखळी आहे. अलीकडच्या काही परदेशी इंजिनांत पट्टा तेलात बुडून फिरतो. तेथे ठरलेल्या प्रतीचेच तेल वेळेवर न घातल्यास पट्ट्याचे कण सुटून तेलाची जाळी तुंबते. साखळी असली म्हणजे जन्मभराची निश्चिंती, असेही कोणी समजू नये. तेल वेळेवर न बदलल्यास साखळीही ताणते आणि खडखडते. फरक इतकाच की ती बहुधा आधी ओरडून सांगते.

तेव्हा पहिले काम हे, की आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, याची खात्री करून घ्यावी. शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नये. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोलला एक आणि डिझेलला दुसरे असे असू शकते.

मुदत किती?

मुदत गाडीगणिक वेगळी असते आणि ती गाडीबरोबर मिळालेल्या माहिती-पुस्तकात छापलेली असते. तेच प्रमाण मानावे. साधारणपणे जुन्या गाड्यांना ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान पट्टा बदलण्यास सांगितलेले आढळते. काही नव्या गाड्यांना मुदत याहून मोठी असते. किलोमीटरबरोबर वर्षांचाही हिशोब धरावा लागतो. गाडी दारात उभी राहिली तरी रबराचे वय थांबत नाही. महिन्यातून दोनदा बाजारला आणि वर्षातून एकदा पंढरपूरला जाणाऱ्या गाडीचे दहा वर्षांत ३० हजार किलोमीटरही होत नाहीत. पण तिचा पट्टा दहा वर्षांचा म्हातारा असतो. किलोमीटर किंवा वर्षे, जी मुदत आधी भरेल ती खरी.

आपल्या भागाला आणखी काही गोष्टी लागू आहेत. शेतरस्त्याची धूळ झाकणाच्या फटीतून आत जाते आणि दातांवर पॉलिश कागदासारखी घासते. लग्नसराईत किंवा यार्डाबाहेर गाडी तासन् तास उभी ठेवून एसी चालू ठेवला, तर मीटर हलत नाही. पट्टा मात्र फिरतच असतो. घाटाच्या वाटेने भरलेली गाडी नेहमी नेणाऱ्यांनीही मुदतीच्या शेवटच्या किलोमीटरची वाट पाहू नये. आणि एक सवय तर मोडलीच पाहिजे : सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनावर डिझेल किंवा रॉकेल फवारून ते चकचकीत करून घेण्याची. इंजिन चमकते खरे, पण झाकणातून आत शिरलेले डिझेल रबराला फुगवते आणि मऊ करते. असा पट्टा निम्म्या मुदतीतही जाऊ शकतो. गाडी शेडमध्ये, कडब्याच्या गंजीजवळ उभी राहत असेल तर उंदीर-घुशींवरही नजर ठेवावी.

काही गाड्यांत, उदाहरणार्थ पहिल्या डिझेल इनोव्हात, पट्ट्याची मुदत भरली की समोरच्या मीटरवर 'टी-बेल्ट' असा दिवा लागतो. हा दिवा पट्ट्याकडे पाहून लागत नाही, किलोमीटर मोजून लागतो. म्हणून दिवा नाही याचा अर्थ पट्टा शाबूत आहे असा होत नाही. पट्टा बदलल्यावर हा दिवा पुन्हा शून्यापासून लावून घ्यावा लागतो. पट्टा न बदलता नुसता दिवा घालवणारेही असतात, तेव्हा जुनी गाडी घेताना सावध असावे.

पट्टा कसा तपासावा?

तपासणी सोपी आहे, पण घाईची नाही. इंजिन पूर्ण थंड असावे. गाडी सपाट जागी, हातब्रेक ओढलेला, गियर न्यूट्रलमध्ये. किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. पोराबाळांनी सहज म्हणून स्टार्टर मारला तर बोटे जातील. पट्ट्यावरचे वरचे झाकण बहुधा प्लॅस्टिकचे असते आणि थोड्या बोल्टवर किंवा क्लिपांवर बसवलेले असते. तेवढेच काढावे आणि बॅटरीच्या उजेडात पाहावे.

पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी पट्टा बदलण्यास झालेला आहे असे समजावे :

पाठीवर आडव्या बारीक भेगा, उन्हाने तडकलेल्या जमिनीसारख्या.

पाठ काचेसारखी चकचकीत नि टणक होणे. अंगठ्याचे नख दाबले असता वणही उठत नसेल तर रबर कडक झाले.

दातांच्या मुळाशी चीर, दातावरचे कापड झिजून आतले रबर दिसणे, किंवा दात तुटलेला असणे.

कडेचे धागे सुटून लोंबणे. याचा अर्थ पट्टा कडेला घासतो आहे. कप्पी किंवा बेअरिंग वाकडे फिरत असावे.

पट्ट्यावर तेल किंवा पाण्याचा ओलावा. येथे नुसता पट्टा बदलून भागणार नाही. गळणारे सील किंवा पंप आधी शोधावा लागेल.

पट्ट्याचा सगळा घेर पाहायचा तर इंजिन हाताने फिरवावे लागते. क्रँकच्या पुलीच्या बोल्टाला पाना लावून, इंजिन ज्या बाजूला फिरते त्याच बाजूला, सावकाश. उलटे फिरवू नये. पट्टा दातांवरून सरकण्याची भीती असते. झाकण उघडे असताना स्टार्टर मारून पट्टा पाहण्याची रीत काही ठिकाणी आहे, ती धोक्याची आहे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. खुणा दिसल्या तर पट्टा गेला हे नक्की. पण खुणा दिसल्या नाहीत म्हणून पट्टा चांगला हे नक्की नाही. पूर्वीच्या पट्ट्यांचे रबर भेगाळत असे आणि डोळ्यांना कळे. आताचे पट्टे सुधारलेल्या नायट्राइल रबराचे असतात. ते वरून अखेरपर्यंत नव्यासारखे दिसतात आणि आतले काचेचे धागे मात्र थकलेले असतात. म्हणून मुदत भरलेला पट्टा छान दिसतो म्हणून पुढच्या दिवाळीपर्यंत ढकलणे बरोबर नाही. पाहणी ही मुदतीच्या आत बिघाड ओळखण्यासाठी आहे, मुदत वाढवून घेण्यासाठी नाही.

झाकणाजवळून घूं घूं असा आवाज येणे, गाडीची ओढ एकाएकी कमी होणे, चालू होताना कुरकुर करणे, उभ्या गाडीत इंजिन हबकणे, ही लक्षणेही ध्यानात ठेवावीत. पहिल्यात टेन्शनरचे बेअरिंग गेलेले असू शकते. बाकीच्यांत पट्टा एखाददुसऱ्या दाताने सरकलेला असू शकतो. या तक्रारींना दुसरी कारणेही असतात, पण पट्टा पाहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पट्टा बदलताना

सभासदाने स्वतः पाना हाती घ्यावा असा आमचा आग्रह नाही. ज्याने हे काम पूर्वी केलेले नाही त्याने ते पहिल्यांदा आपल्या गाडीवर करू नये. पण काम चालू असताना जवळ उभे राहावे आणि काय होते आहे हे कळावे, एवढे ज्ञान प्रत्येक गाडीमालकाला असायला हरकत नाही.

मिस्त्री प्रथम बॅटरीची वायर काढतो. मग बाहेरचा फॅन बेल्ट, क्रँकची पुली आणि झाकणे निघतात. नंतर इंजिन हाताने फिरवून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन माथ्यावर आणला जातो, आणि क्रँक व कॅम यांच्या चाकांवरील खुणा इंजिनावरील खुणांशी जुळवल्या जातात. या खुणा म्हणजे या कामाचा आत्मा आहे. जुना पट्टा काढण्यापूर्वी खुणा जुळलेल्या आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो, एक फोटो काढून ठेवावा. डिझेलचा पंप पट्ट्यावर असेल तर त्याची तिसरी खूणही असते.

खुणा जुळल्या की टेन्शनर ढिला करून पट्टा उतरवतात. पट्टा नसताना क्रँक किंवा कॅम फिरवू नये. पिस्टन नि व्हॉल्व तेथेच भिडायचे. आता कप्पी आणि टेन्शनर हाताने फिरवून पाहावेत. खरखर लागली, डुगडुग वाटली, की ते बाद. आमचे मत असे की पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि कप्पी बदलूनच घ्यावी. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर असेल आणि जुना असेल तर तोही, आणि क्रँक-कॅमची तेलाची सीलेही. कारण या कामात मजुरी मुख्यतः उघडण्या-मिटण्याची असते. आज चारशे-पाचशे रुपयांचे सील वाचवले आणि वर्षाने ते गळू लागले, तर पुन्हा तेवढेच उघडावे लागते आणि तेलाने भिजलेला नवा पट्टाही फेकावा लागतो.

नवा पट्टा हा पट्टा असला तरी त्याला दोरीसारखे वागवू नये. तो दुमडू नये, आतला भाग बाहेर करू नये, स्क्रू-ड्रायव्हरने रेटून चढवू नये. आतले काचेचे धागे एकदा चिरडले की वरून काही दिसत नाही आणि थोड्याच दिवसांत पट्टा तुटतो. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याला राळ लावतात, तसे काही याला लावायचे नाही. ना राळ, ना ग्रीस, ना तेल. पट्ट्यावर बाण असेल तर तो इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने ठेवावा. टेन्शनरच्या विरुद्ध बाजूचा पट्टा ताठ आणि टेन्शनरकडचा ढिला, असा चढवून मग ताण द्यावा. ताण कंपनीने सांगितला तेवढाच. सैल पट्टा दात सोडतो. फार ताठ पट्टा घूं घूं करतो आणि पंपाचे बेअरिंग खातो.

यानंतरची पायरी घाईगडबडीत गाळली जाते आणि नेमकी तीच गाळू नये. क्रँक हाताने पुरे दोन फेरे फिरवून पुन्हा माथ्यावर आणावा आणि सर्व खुणा परत जुळतात का ते पाहावे. फिरवताना मध्येच कोठे अडल्यासारखे वाटले तर जोर न करता थांबावे. आत व्हॉल्व टेकलेला असू शकतो. खुणा एका दाताने चुकलेल्या असतील तर पट्टा पुन्हा उतरवून चढवावा. "चालू करून तर बघू" हे वाक्य येथे महागात पडते. शेवटी पुलीचा बोल्ट मोजाच्या पान्याने, ठरल्या जोरावर आवळावा आणि झाकणे त्यांच्या रबरी पट्ट्यांसह नीट बसवावीत. धूळ आत जाण्याचा रस्ता तोच आहे.

पट्टा आणि टेन्शनर विकत घेताना नामांकित बनावटीचे, पक्क्या बिलावर घ्यावेत. हुबेहूब खोक्यातला नकली माल बाजारात असतो. काम झाल्यावर जुना पट्टा मागून घ्यावा. बदलला की नाही, हा प्रश्न मग उरत नाही.

रस्त्यात तुटलाच तर

चालत्या गाडीत पट्टा तुटला तर इंजिन तत्क्षणी बंद होते. पॉवर स्टिअरिंग जड होते. ब्रेकलाही इंजिनाचे साहाय्य राहत नाही. एकदोनदा दाबल्यावर पायाला फार जोर द्यावा लागतो. अशा वेळी घाबरून किल्ली काढू नये, स्टिअरिंगला कुलूप बसेल. ब्रेक पुन्हा पुन्हा सोडून न दाबता एकच ठाम दाब द्यावा आणि गाडी कडेला घ्यावी.

त्यानंतर स्टार्टर मारला असता इंजिन नेहमीपेक्षा हलके, भरभर फिरल्यासारखे वाटले, तर पट्टा तुटल्याचा दाट संशय धरावा. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. आणि आपल्याकडचा हमखास उपाय, चार पोरे गोळा करून धक्का मारणे किंवा ट्रॅक्टरला दोर बांधून गियरमध्ये ओढणे, हा तर मुळीच करू नये. तुटलेल्या पट्ट्यानिशी इंजिन जितके फिरेल तितके व्हॉल्व अधिक वाकतील. दोन व्हॉल्ववर निभावले असते ते आठांवर जाते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ओढावी किंवा टेंपोत घालून न्यावी.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

ऊसबिलाचा हप्ता जमा झाला की आपल्या भागात जुन्या गाड्यांचे व्यवहार वाढतात. मीटर मागे फिरवलेली गाडी ओळखणे तज्ज्ञालाही कठीण जाते. म्हणून विकणाऱ्याने पट्टा बदलल्याचे बिल दाखवले, आणि त्यावर गाडीचा नंबर, तारीख व किलोमीटर असले, तरच ते खरे मानावे. नुसते "आत्ताच टाकलाय, बिनघोर राहा" यावर विसंबू नये. बिल नसेल तर पट्टा मुदत संपलेला समजून गाडीच्या किमतीतच त्याचा खर्च धरावा आणि गाडी घरी आणल्याच्या पहिल्याच आठवड्यात तो बदलून घ्यावा. वर सांगितलेल्या सभासदांच्या बाबतीत दोन वर्षांपूर्वी एवढे झाले असते, तर ती रात्र टळली असती.

पट्टा बदलल्यावर तारीख, किलोमीटर आणि पुढची मुदत एका चिकटपट्टीवर लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूला लावावी. घरातल्या ज्या वहीत ऊसलागणीची तारीख आणि खताचे हप्ते लिहितो, तिच्यातही एक ओळ लिहावी. गाडी मुलगा चालवतो, पुतण्या चालवतो, कधी ड्रायव्हर चालवतो. कोणाच्या तोंडी हिशोबावर हे ठेवू नये.

पावसाळ्याच्या आधीचे दिवस या कामाला सोयीचे आहेत. तोडणी-वाहतुकीची धावपळ नसते, गॅरेजवाल्यालाही सवड असते. आपल्या गाडीत टायमिंग बेल्ट आहे काय, तो शेवटी केव्हा बदलला, आणि त्याची मुदत केव्हा भरते, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक गाडीधारक सभासदाने येत्या महिन्याभरात शोधून ठेवावीत, अशी आमची कळकळीची विनंती आहे. ज्यांना तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडणार नाही, त्यांनी लांबचा प्रवास करण्याआधी गाडी मिस्त्रीकडे न्यावी.